मद्यजन्य मस्तिष्कविकार आणि प्रतिऑक्सिडीकारक आहार

दीर्घकाळ व अतिप्रमाणात मद्यपान केल्यामुळे मेंदूच्या रचनेत आणि कार्यात जे बिघाड होतात त्यांना मद्यजन्य मस्तिष्कविकार ही सर्वसाधारण संज्ञा दिली जाते. आहारातील ज्या द्रव्यांमुळे शरीरातील अनिष्ट ऑक्सिडीभवनाला आळा बसतो त्यांना प्रतिऑक्सिडीकारके (प्रचारातील शब्द ‘अँटिऑक्सिडंट’) म्हणतात. क आणि ई ही जीवनसत्त्वे, कॅरोटिने, हळदीतील करक्यूमीन, फळे व पालेभाज्या यांतील पॉलिफिनॉले ही त्यांची परिचित उदाहरणे होत. मद्यामुळे मेंदूला होणाऱ्या इजेत ऑक्सिडीभवनाचा वाटा मोठा आहे, हे १९८० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. त्यावरून अशी द्रव्ये भरपूर घेतल्यास मद्यपी व्यक्तीचा मेंदू सुरक्षित राहील, असा समज पसरला आहे. अकोल्यातील जठारपेठेसारख्या शहरी वस्तीतल्या औषधांच्या दुकानांत अशा द्रव्यांच्या कॅप्सुली सहज मिळतात आणि मद्यपी माणसाचे नातेवाईक त्या आशेने विकत घेतात. या समजात तथ्य किती आहे आणि वऱ्हाडातील नेहमीच्या आहाराने या बाबतीत काय साधते व काय साधत नाही, याचे विवेचन येथे केले आहे.

मेंदूतील बदल : मद्यपी व्यक्तीचा मेंदू शवपरीक्षणात आकसलेला आढळतो. तंत्रिका कोशिकांना जोडणाऱ्या तंतूंचे म्हणजे श्वेत द्रव्याचे घटलेले प्रमाण हे त्याचे मुख्य कारण असते. ऑस्ट्रेलियातील विकृतिवैज्ञानिक क्लाइव्ह हार्पर व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये केलेल्या मोजणीत प्रमस्तिष्काच्या अग्रखंडाच्या वरच्या भागातील तंत्रिका कोशिका सु. २२ टक्क्यांनी कमी भरल्या. विचार, नियोजन व आत्मसंयम ही कार्ये याच भागाकडे असतात. त्यामुळे ‘मनात आणले तर दारू सोडता येईल’ असे मद्यपी व्यक्तीला सांगितले जाते, तेव्हा ज्या अवयवाने मनात आणावयाचे तोच दुखावलेला असतो, हे सांगणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. निमस्तिष्काला इजा झाल्यास चाल अडखळते, पाय फाकवून चालावे लागते. नवीन गोष्टी स्मरणात ठेवण्याशी संबंधित असलेला हिप्पोकँपस हा भागही लहान होतो.

अल्प प्रमाणातील मद्य निरुपद्रवी असते, ही समजूत आता टिकणारी नाही. ब्रिटनमधील ३६,००० हून अधिक प्रौढांच्या मेंदूंच्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांचे विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दररोज एक-दोन मात्रा घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमानही किंचित कमी आढळले आणि मात्रेबरोबर ही घट वाढत गेली. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले.

इजेची रासायनिक प्रक्रिया : पोटात गेलेल्या एथिल अल्कोहॉलाचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइडात व नंतर ॲसिटेटात रूपांतर होते. पहिली पायरी मुख्यतः अल्कोहॉल डीहायड्रोजनेज या एंझाइमाने पार पडते. न्यूयॉर्क येथील चार्ल्स लीबर व लिओनोरे डीकार्ली यांनी १९६८ मध्ये यकृतातील दुसरा मार्ग दाखवून दिला. त्यातील एंझाइम पुढे सायटोक्रोम पी-४५० २ई१ या नावाने ओळखले जाऊ लागले. नेहमी पिणाऱ्याच्या शरीरात या एंझाइमाचे प्रमाण वाढत जाते. जुन्या मद्यपी व्यक्तीला ‘चढत नाही’ याचे हे एक कारण आहे. परंतु हे एंझाइम आपले काम करताना ऑक्सिजनाचे अत्यंत क्रियाशील अंश बाहेर टाकते. अशा अंशांत मुक्त मूलकांचा समावेश होतो. मुक्त मूलक म्हणजे जोडी नसलेले इलेक्ट्रॉन असलेला अणू किंवा रेणू. तो शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन खेचून घेतो व त्यालाच मुक्त मूलक बनवतो. ही साखळी कोशिकेच्या पटलातील वसाम्लांमध्ये सुरू झाली म्हणजे जुने तेल खवट व्हावे तसे पटल बिघडत जाते.

ही घटना केवळ यकृतात घडते असे नाही. मेंदूत अल्कोहॉल डीहायड्रोजनेजाचे कार्य नगण्य असले, तरी कॅटालेज व वर उल्लेखिलेले सायटोक्रोम यांच्यामुळे तेथेही ॲसिटाल्डिहाइड तयार होते. मद्याने आतड्याचे अस्तर सच्छिद्र होऊन तेथील जंतूंची विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात. त्यांच्यामुळे शरीरभर शोथ उत्पन्न होतो आणि मेंदूतील संरक्षक सूक्ष्मतंत्रिकाश्लेषी कोशिका उद्दीपित होऊन त्याही क्रियाशील ऑक्सिजन सोडू लागतात. दारू एकाएकी थांबवली असता ग्लुटामेट या उत्तेजक द्रव्याचा मेंदूत अतिरेक होतो आणि त्या भरात आणखी कोशिका दगावतात. मनाला येईल तेव्हा पिणे व मनाला येईल तेव्हा सोडणे, असे वारंवार करणाऱ्याच्या मेंदूवर म्हणूनच दुहेरी आघात होतात.

अशा आघातास मेंदू विशेष बळी पडतो, त्यामागे त्याची घडणच आहे. शरीराच्या वजनाच्या सु. २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या अवस्थेतही शरीरात वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिजनापैकी सु. २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्याच्या कोशिकापटलांत चटकन ऑक्सिडीभूत होणारी बहुअसंतृप्त वसाम्ले विपुल असतात. त्याच्या काही भागांत लोहाचा मोठा साठा असतो आणि लोहाच्या सान्निध्यात मुक्त मूलके जोमाने तयार होतात. उलट कॅटालेजासारखी संरक्षक एंझाइमे यकृताच्या मानाने त्यात अगदी कमी असतात. मेंदूची भिस्त ग्लुटाथायोन नावाच्या गंधकयुक्त लहान रेणूवर आणि क जीवनसत्त्वावर असते. क जीवनसत्त्व मेंदूत रक्तरसापेक्षा कित्येक पटींनी अधिक साठवलेले असते व शरीरात त्याचा तुटवडा पडला, तरी मेंदू आपला वाटा शेवटपर्यंत राखून ठेवतो.

खर्ची पडलेले ग्लुटाथायोन पुन्हा मूळ स्वरूपात आणण्यासाठी एनएडीपीएच हे सहएंझाइम लागते व ते नायासिनापासून बनते. त्याचा मेंदूतील पुरवठा ग्लुकोजाच्या ज्या चयापचयी मार्गावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो, त्या मार्गाचे चक्र चालू राहण्यासाठी ट्रान्सकीटोलेज हे एंझाइम लागते आणि हे एंझाइम थायामिनावाचून (ब१ जीवनसत्त्वावाचून) काम करीत नाही. म्हणजे थायामीन व नायासीन ही द्रव्ये प्रतिऑक्सिडीकारक म्हणून विकली जात नसली, तरी मेंदूची प्रतिऑक्सिडीकारक यंत्रणा त्यांच्यावरच उभी आहे. ग्लुटाथायोनाच्या पुनरुज्जीवनास रिबोफ्लाविनाची आणि त्याच्या उपयोगास सिलिनियमाची गरज असते. कॅप्सुलींच्या जाहिरातींत या दुव्याचा उल्लेख बहुधा सापडत नाही.

वऱ्हाडातील आहार : प्रतिऑक्सिडीकारकांच्या दृष्टीने वऱ्हाडाचा पारंपरिक आहार गरीब नाही. अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी हे तालुके संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असून आंबिया व मृग अशा दोन बहारांमुळे संत्री वर्षातील बराच काळ उपलब्ध असतात. हिवाळ्यात आवळा येतो. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तो संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे. पावसाळ्यात अंबाडीची भाजी, थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला व मेथी, वर्षभर हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची व तिळाची चटणी ही या भागातील घरोघरची खाद्ये होत. कापसाच्या या प्रदेशात सरकीचे तेल फार पूर्वीपासून खाण्यात असून त्यात ई जीवनसत्त्वाचे प्रमाण चांगले असते. हळद तर रोजच्या फोडणीतच पडते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद तिच्यातील करक्यूमिनाच्या अधिक प्रमाणासाठी नावाजलेली आहे.

मात्र या यादीत जे प्रथमदर्शनी नजरेत भरत नाही, तेच अधिक महत्त्वाचे आहे. ज्वारीच्या दर १०० ग्रॅ. पिठात सु. ०.३५ ते ०.४ मिग्रॅ. थायामीन असते. तुरीच्या डाळीत ते याहून अधिक व भुईमुगाच्या दाण्यांत त्याहून अधिक असते. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज सु. १ ते २ मिग्रॅ. असते. दोन वेळा भाकरी, वरण व थोडी दाण्यांची चटणी असे साधे जेवण पोटभर घेणाऱ्याची ही गरज सामान्यतः भागते. फळे व भाज्या यांविषयी बरेच लिहिले जाते, परंतु मद्यपी व्यक्तीच्या मेंदूचा विचार करता भाकरी-वरणाचे स्थान संत्र्याच्या वरचे आहे.

अडचण अशी, की मद्यपी व्यक्ती हे जेवण जेवत नाही. एका ग्रॅम अल्कोहॉलापासून सु. ७ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यामुळे भूक मरते, पण जीवनसत्त्वे, प्रथिने व खनिजे यांची त्यातून काहीही प्राप्ती होत नाही. जे थोडेबहुत पोटात जाते त्यातील थायामीन आतड्यातून शोषले जाण्याच्या क्रियेत अल्कोहॉल अडथळा आणते. दुखावलेले यकृत ते साठवू शकत नाही आणि त्याचे क्रियाशील रूपही नीट तयार होत नाही. शरीरातील थायामिनाचा एकूण साठा सु. २५ ते ३० मिग्रॅ. एवढाच असल्याने तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. घरात सर्व काही शिजत असूनही त्या घरातील एक माणूस अशा रीतीने कुपोषित राहू शकतो.

महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या देशी दारूचा एक लोकप्रिय प्रकार ‘संत्रा’ या नावाने ओळखला जातो. संत्र्याच्या प्रदेशात या नावाने फसगत होण्याचा संभव असल्याने येथे नमूद करावयास हवे, की ते नाव तिच्यात घातलेल्या स्वादामुळे पडलेले असून संत्र्यातील जीवनसत्त्वाचा तिच्याशी काही संबंध नाही. दारूचा उतारा म्हणून लिंबाचे पाणी किंवा ताक पाजण्याची चालही सर्वत्र आहे. त्याने घशाला व पोटाला बरे वाटत असेल, परंतु यकृत दर तासाला साधारणपणे ७ ते १० ग्रॅ. अल्कोहॉलाचाच निचरा करू शकते व आंबट पदार्थाने तो वेग वाढत नाही. फ्रेंच लोकांच्या उदाहरणावरून द्राक्षाच्या तांबड्या मद्याची तरफदारी केली जाते, तीही याच जातीची होय. अशा मद्यात रेझव्हेराट्रॉल हे प्रतिऑक्सिडीकारक असते हे खरे आहे. तथापि एका लिटरमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम भरते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत वापरलेल्या मात्रा याच्या अनेक पटींनी मोठ्या होत्या.

प्राण्यांवरील प्रयोग : प्रतिऑक्सिडीकारकांविषयीची आशा मुख्यत्वे उंदरांवरील प्रयोगांवर आधारलेली आहे. उंदरांना चार दिवस नळीने मोठ्या मात्रेत मद्य दिले असता त्यांच्या मेंदूतील गंधज्ञानाशी निगडित व हिप्पोकँपसाजवळच्या भागांत कोशिका मरतात. मद्याबरोबर ब्युटिलेटेड हायड्रॉक्सिटोल्यूइन (खाद्यतेले खवट होऊ नयेत म्हणून वापरण्यात येणारे द्रव्य) दिल्यास ही हानी बरीच टळते, असे अमेरिकेतील एकाहून अधिक प्रयोगशाळांना २००५ च्या सुमारास आढळले. त्याच प्रकारच्या प्रयोगांत ई जीवनसत्त्वाचाही उपयोग झाला. चंडीगड येथील पंजाब विद्यापीठात मद्य दिलेल्या उंदरांना करक्यूमीन दिले असता त्यांच्या स्मरणशक्तीतील घट व मेंदूतील शोथ ही दोन्ही कमी झाल्याचे दिसून आले.

हे निष्कर्ष खरे आहेत. ते माणसाला लागू करताना मात्र तीन गोष्टी विसरल्या जातात. या प्रयोगांत संरक्षक द्रव्य मद्याच्या बरोबरीने, बहुधा पहिल्या दिवसापासून दिलेले असते. माणूस उपाय शोधू लागतो तो वीस वर्षे प्यायल्यानंतर. प्रयोगातील उंदराला समतोल खाद्य मिळत असते, मद्यपी माणसाला ते मिळत नाही. शिवाय करक्यूमीन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते व शोषलेल्यापैकी बहुतेकाचे यकृतात तत्काळ रूपांतर होते. प्रयोगातील मात्रा आणि फोडणीतील चिमूटभर हळद यांची तुलना होऊ शकत नाही.

माणसांवरील अनुभव : प्रतिऑक्सिडीकारके दिल्याने मद्यपान चालू ठेवणाऱ्या माणसाचा मेंदू सुरक्षित राहतो, असे माणसांवरील कोणत्याही चाचणीने सिद्ध झालेले नाही. यकृताच्या बाबतीत चाचण्या झाल्या, पण त्यांचे फलित उत्साहवर्धक नाही. मद्यजन्य तीव्र यकृतशोथ झालेल्या रुग्णांना प्रतिऑक्सिडीकारकांचे मिश्रण देऊन ब्रिटनमध्ये केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते कॉर्टिकोस्टेरॉइडांपेक्षा निकृष्ट ठरले. फ्रान्समध्ये १७४ रुग्णांवर केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइडाच्या जोडीला एन-ॲसिटिलसिस्टीन (ग्लुटाथायोन वाढविणारे औषध) दिल्याने पहिल्या महिन्यातील मृत्यू घटले, परंतु सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंच्या प्रमाणात खात्रीलायक फरक उरला नाही.

काही प्रतिऑक्सिडीकारके शुद्ध स्वरूपात मोठ्या मात्रेने घेणे मद्यपी माणसाला अपायकारक ठरते, ही गोष्ट याहून गंभीर आहे. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपी पुरुषांना पाच ते आठ वर्षे बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसत्या निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा कर्करोग टळावा म्हणून रोज २० मिग्रॅ. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण उलट १८ टक्क्यांनी अधिक आढळले. पुढील विश्लेषणात हा धोका अधिक मद्य घेणाऱ्यांत विशेष असल्याचे दिसले. ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मेंदूतील रक्तस्रावाने झालेले मृत्यू जास्त होते. अमेरिकेतील अशाच प्रकारची दुसरी चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. मद्य व बीटा कॅरोटीन यांच्या एकत्रित परिणामाने यकृताची इजा वाढते, असे लीबर यांच्या प्रयोगशाळेने बबून माकडांत दाखविले होते. गाजर, पपई किंवा पालेभाजी खाण्याने असा अपाय होत नाही. आहारातील द्रव्य व कॅप्सुलीतील द्रव्य यांची नावे एक असली, तरी त्यांचे परिणाम एक असतीलच असे नाही. धूम्रपान व मद्यपान ही दोन्ही व्यसने असलेल्या माणसाला ‘शक्तीची’ म्हणून अशी गोळी देणे अविचाराचे आहे.

थायामिनाचा अभाव : मद्यजन्य मस्तिष्कविकारांपैकी सर्वांत घातक व त्याच वेळी सर्वांत सुलभपणे टाळता येण्याजोगा विकार थायामिनाच्या अभावाने होतो. जर्मन तंत्रिकावैज्ञानिक कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये तीन रुग्णांचे वर्णन केले. त्यांतील दोघे मद्यपी पुरुष होते. तिसरी एक शिवणकाम करणारी तरुणी असून गंधकाम्ल प्यायल्यानंतर जडलेल्या सततच्या वांत्यांनी ती क्षीण झाली होती. तिघांतही बुद्धिभ्रम, डोळ्यांच्या स्नायूंचा पक्षाघात व चालताना तोल जाणे ही लक्षणे होती. मद्यपी नसलेल्या स्त्रीलाही हाच विकार व्हावा, यात त्याचे कारण दडलेले होते. पण जीवनसत्त्वांची कल्पनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. मॉस्को येथील सर्गेई कोर्साकॉव्ह यांनी १८८७ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखांत स्मृतिभ्रंशाचे वर्णन केले. अशा रुग्णाला पूर्वायुष्य आठवते, समोरचे बोलणे समजते, परंतु पाच मिनिटांपूर्वी घडलेले काहीही त्याच्या स्मरणात राहत नाही व ती पोकळी तो काल्पनिक हकिकतींनी भरून काढतो. त्यात खोटे बोलण्याचा हेतू नसतो. व्हेर्निके विकाराकडे दुर्लक्ष झाले, की पुष्कळदा त्याची परिणती या अवस्थेत होते, म्हणून दोहोंचा निर्देश व्हेर्निके-कोर्साकॉव्ह लक्षणसमूह असा एकत्र करतात.

डच वैद्य क्रिस्तीआन आइकमान यांनी जावा बेटावर सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा विकार १८९० नंतरच्या दशकात दाखवून दिला होता. तांदळाच्या कोंड्यातील ते द्रव्य १९२६ मध्ये स्फटिकरूपात वेगळे करण्यात आले आणि १९३६ मध्ये त्याचे संश्लेषण झाले. ऑक्सफर्ड येथील रूडॉल्फ पीटर्स यांनी सडीक तांदळावर ठेवलेल्या कबुतरांच्या मेंदूत ग्लुकोजाचे ज्वलन अर्धवट राहते, हे दाखविले. कोशिका मरण्यापूर्वीच ही ‘जीवरासायनिक इजा’ झालेली असते व या टप्प्यावर थायामीन दिल्यास पक्षी काही वेळातच सावरतो. उशीर झाल्यास तो सावरत नाही. माणसाबाबतही वस्तुस्थिती हीच आहे.

हा विकार वाटतो तितका विरळ नाही. हार्पर व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये शवपरीक्षणात निश्चित झालेल्या १३१ रुग्णांची कागदपत्रे तपासली. हयातीत विकाराचे निदान झालेले रुग्ण त्यांत केवळ २० टक्के होते आणि तिन्ही प्रमुख लक्षणे एकत्र असलेले १६ टक्के. उरलेल्यांकडे ‘दारूच्या नशेत आहे’ अशाच दृष्टीने पाहिले गेले असावे. ऑस्ट्रेलियाने जानेवारी १९९१ पासून पावाच्या पिठात थायामीन मिसळणे सक्तीचे केले व त्यानंतरच्या शवपरीक्षणांत या विकाराचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटलेले आढळले. पिणाऱ्याने पिणे सोडलेले नसताही एका स्वस्त द्रव्याने हे साधले. प्रतिऑक्सिडीकारकांच्या कोणत्याही मिश्रणाला असे श्रेय अद्याप मिळालेले नाही.

उपचारात थायामीन शिरेतून किंवा स्नायूत अंतःक्षेपणाने द्यावे लागते, कारण मद्यपी व्यक्तीचे आतडे तोंडाने दिलेल्या गोळीतील फार थोडा भाग शोषून घेते. थायामिनाचा अभाव असलेल्या माणसाला आधी ग्लुकोजाची बाटली लावल्यास शिल्लक थायामीन झपाट्याने खर्ची पडून सुप्त विकार उसळू शकतो. म्हणून थायामीन ग्लुकोजाच्या आधी किंवा निदान त्याबरोबर दिले गेले पाहिजे. ‘अशक्तपणा आला आहे, एक सलाइन लावा’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी रुग्ण किती दिवस जेवलेला नाही व किती काळापासून पितो, हे डॉक्टरांना न लपवता सांगणे यासाठी आवश्यक असते. थायामिनाचे कार्य मॅग्नेशियमावाचून होत नाही, तेव्हा त्याचीही भर घालावी लागते.

ज्वारी आणि वल्कचर्म : वऱ्हाडाच्या संदर्भात नायासिनाचा स्वतंत्र विचार करणे इष्ट ठरते. नायासिनाच्या अभावाने वल्कचर्म (पेलाग्रा) हा विकार होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट चट्टे, अतिसार व बुद्धिभ्रम ही त्याची लक्षणे होत. जगात तो मुख्यतः मका खाणाऱ्यांचा विकार म्हणून ओळखला जात असे. दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब शेतमजुरांतही तो आढळतो, याकडे हैदराबाद येथील पोषणविषयक संशोधन प्रयोगशाळेतील (नंतरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील) सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लक्ष वेधले. ज्वारीतील ल्यूसीन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्यामुळे ट्रिप्टोफेनापासून नायासीन बनण्यात अडथळा येतो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. तिच्याविषयी पुढे मतभेद झाले. ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाज्या पुरेशा असल्या, तर हा प्रश्न उद्भवत नाही व आहार संमिश्र होत गेला तसा हा विकार पुष्कळच मागे पडला. परंतु मद्यपी व्यक्तीच्या आहारातून प्रथम डाळ व दूधच गळतात आणि राहिलीच तर कोरडी भाकरी व ठेचा राहतो. अशा रुग्णाचा बुद्धिभ्रम थायामीन देऊनही हटत नसेल, तर मद्यजन्य वल्कचर्माची शंका घ्यावी. त्यात त्वचेवरील चट्टे प्रत्येक वेळी असतातच असे नाही.

मद्याचे अन्य धोके : अवैध दारूत मिथिल अल्कोहॉल असल्यास होणारी इजा वरील इजांहून निराळी असते. त्याचे शरीरात फॉर्मिक अम्ल बनून दृक् तंत्रिकेचा व मेंदूतील खोल भागांचा नाश होतो. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यावर आहाराचा कोणताही इलाज नाही, रुग्णालय त्वरित गाठणे हाच मार्ग असतो. गर्भवतीने घेतलेल्या मद्याने गर्भाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटते. या विकाराचे वर्णन फ्रान्समध्ये १९६८ मध्ये व अमेरिकेत १९७३ मध्ये झाले. मेळघाटासारख्या भागात मोहाची दारू सण व विधी यांचा भाग असल्याने तेथील स्त्रियांना ही माहिती त्यांच्या भाषेत व त्यांच्या रीतींचा अवमान न करता मिळणे महत्त्वाचे आहे.

मद्यत्याग व मेंदूची पूर्वस्थिती : आयुर्वेदात मद्यजन्य विकारांना ‘मदात्यय’ म्हटले असून चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. क्षीण झालेल्या रुग्णाला दुधावर ठेवून त्याचे बळ परत आणण्याचा विचार त्यात आढळतो. आधुनिक काळात संगणकीय छेदचित्रणाचे तंत्र उपलब्ध झाल्यावर टोराँटो येथील संशोधकांनी १९७८ मध्ये दारू सोडलेल्या काही व्यक्तींचा आकसलेला मेंदू अंशतः भरून आल्याचे दाखविले. तोपर्यंत अशी घट अपरिवर्तनीय मानली जात असे. पुढील चित्रणांवरून ही सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत वेगाने व नंतर अनेक महिने सावकाश होत राहते असे दिसले. कोर्साकॉव्ह अवस्थेतील स्मृतिभ्रंश मात्र थोड्याच रुग्णांत पूर्णपणे नाहीसा होतो.

जुन्या मद्यपी व्यक्तीने दारू एकाएकी व घरच्या घरी सोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन-चार दिवसांत झटके, भास व कंपोन्माद होऊन मृत्यूही ओढवू शकतो. त्यामुळे सुरुवातीचा काळ रुग्णालयात काढणे श्रेयस्कर होय. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे व त्याला जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयात या भागातील रुग्ण येतात. पुण्यातील मुक्तांगण हे १९८६ मध्ये स्थापन झालेले केंद्र राज्यात व्यसनमुक्तीच्या कामात अग्रेसर मानले जाते. विदर्भातील वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असून गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठविण्यात आली. वऱ्हाडातील जिल्ह्यांत अशी जिल्हाव्यापी बंदी नाही.

दारू सुटल्यानंतरच्या महिन्यांत आहाराला खरे महत्त्व येते. प्रारंभी भूक नसते व पचन मंद असते, म्हणून थोडे थोडे पण वारंवार द्यावे. ज्वारीची मऊ भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, दूध, चालत असल्यास अंडी, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी आणि ऋतूप्रमाणे संत्रे, पेरू किंवा आवळा एवढ्याने गरज भागते. थायामीन पाण्यात विरघळणारे व उष्णतेने नाश पावणारे असल्यामुळे डाळीचे पाणी ओतून देऊ नये व शिजवताना सोडा घालू नये. ब गटातील जीवनसत्त्वांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने चालू ठेवाव्या लागतात. यकृताचा विकार बळावलेला असल्यास मीठ व पाणी यांचे प्रमाण ठरवून घ्यावे लागते. प्रथिने मात्र, पूर्वी समजत असत त्याप्रमाणे, सरसकट तोडण्याचे कारण नसते.